एकट्याने खेळायचा गेम दहा वर्षांनीही सुरू व्हावा म्हणून काय करावं

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. गेम २०१४ चा. त्यातली कथा एकट्याने खेळता यायची आणि अमेरिकेच्या रस्त्यांवर एकट्याने तासन्‌तास गाडी चालवता यायची. पण सुरू होतानाच तो कंपनीच्या सर्व्हरला हाक मारायचा, आणि त्या दिवसापासून तिकडून ओ येणं थांबलं. ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांच्याकडे नुसती चकती उरली.

एकट्याने खेळायचे गेम संपत चालले आहेत, ही भीती गेली पंधरा वर्षं अधूनमधून डोकं वर काढते. विक्रीकडे पाहिलं तर ती खरी वाटत नाही. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’, २०२४ चा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’, २०२५ चा ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ हे सगळे एकट्याने बसून पूर्ण करता येणारे गेम आहेत आणि लोकांनी ते उचलून धरले. उलट सोनीचा निव्वळ ऑनलाइन ‘काँकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंदही झाला. असे गेम बनवणारे आहेत, घेणारेही आहेत. धोका आहे तो आत शिरलेल्या यंत्रणेचा. मल्टिप्लेअरसाठी उभारलेली खाती, लाँचर (गेम ज्यातून उघडतो ते कंपनीचं सॉफ्टवेअर), सर्व्हरवरची तपासणी आणि सर्व्हरवर ठेवलेली प्रगती आता एकट्याच्या गेममध्येही बसवली जाते. ज्या दिवशी कंपनीला तो सर्व्हर परवडत नाही, त्या दिवशी चांगला चालता गेम मरतो.

म्हणून प्रत्येक गेमला एकच प्रश्न विचारायचा: इंटरनेट काढून घेतलं तर हा सुरू होतो का? पुढचं सगळं या प्रश्नाभोवती आहे. घेण्याआधी काय पाहायचं, घेतल्यावर कसं तपासायचं, आणि चालणारा गेम कसा साठवायचा.

घेण्याआधी दुकानाचं पान नीट वाचा

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानाच्या उजव्या बाजूला, भाषांच्या तक्त्याच्या आसपास, पिवळसर चौकटी असतात. बहुतेक जण त्या न वाचताच खाली जातात. तिथे तीन गोष्टी शोधा. पहिली, त्रयस्थ कंपनीचं डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारं सॉफ्टवेअरचं कुलूप, आहे का. डेनुव्हो नावाचं असं कुलूप असेल तर ते इथेच लिहिलेलं असतं. दुसरी, त्रयस्थ कंपनीचं खातं लागतं का. तिसरी म्हणजे ‘सिंगल-प्लेअर’ हा शिक्का. हा शिक्का फसवा आहे. एकट्याने खेळता येतं एवढंच तो सांगतो, इंटरनेटशिवाय खेळता येतं असं सांगत नाही. सिस्टिम रिक्वायरमेंट्सच्या यादीत ‘इंटरनेट कनेक्शन’ ही ओळ दिसली आणि गेम एकट्याचा असेल, तर सावध व्हा.

डेनुव्होचा त्रास नेमका कुठे होतो ते समजून घ्या. पहिल्यांदा गेम सुरू केल्यावर तो सर्व्हरकडून एक परवाना-फाइल आणतो. ही फाइल त्या कॉम्प्युटरच्या हार्डवेअरशी आणि विंडोजशी बांधलेली असते. त्यानंतर बराच काळ गेम ऑफलाइन चालतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की सगळं ठीक आहे. प्रोसेसर बदलला, विंडोज नव्याने टाकलं किंवा गेमला अपडेट आला की पुन्हा सर्व्हरशी बोलावं लागतं. दहा वर्षांत या तिन्ही गोष्टी घडणारच. चांगली बाब एवढीच की अनेक प्रकाशक काही महिन्यांनी किंवा वर्षांनी डेनुव्हो स्वतःच काढून टाकतात. गेम घाईने खेळायचा नसेल तर थांबा. किंमतही उतरते आणि कुलूपही निघतं.

जीओजी हे दुकान २००८ मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने जुन्या गेमसाठी सुरू केलं. तिथले एकट्याचे गेम डीआरएमशिवाय मिळतात आणि इन्स्टॉलर फाइल आपल्याकडे उतरवून ठेवता येते. एखादा गेम दोन्ही दुकानांत असेल, तर साठवणीसाठी आमचं मत सरळ जीओजीच्या बाजूने आहे, शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी. मात्र तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. २०२१ मध्ये ‘हिटमॅन’ची गेम ऑफ द इयर आवृत्ती तिथे आली. तिच्यातल्या अनेक गोष्टी ऑनलाइन असल्याशिवाय उघडत नव्हत्या. खेळणाऱ्यांनी तक्रारींचा भडिमार केला आणि काही आठवड्यांत दुकानाने गेम काढून टाकला.

कायद्याच्या भाषेत ‘विकत घेणं’ म्हणजे काय, हेही आता थोडं स्पष्ट झालं आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू आहे. डिजिटल वस्तूचा फक्त परवाना दिला जात असेल, तर दुकानाने ते ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं. कायमची उतरवून ऑफलाइन ठेवता येणारी वस्तू मात्र या अटीतून वगळली आहे. म्हणजे कायद्यानेच दोन प्रकार वेगळे केले, आणि आपल्याला दुसऱ्या प्रकारातल्या वस्तू गोळा करायच्या आहेत.

वीस मिनिटांची चाचणी

ही चाचणी पैसे परत मिळण्याच्या मुदतीत करा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ, अशी मर्यादा आहे. जीओजीवर ३० दिवस मिळतात.

गेम पूर्ण उतरवा आणि इंटरनेट चालू असताना एकदा सुरू करा. मुख्य मेन्यूपर्यंत जा, बाहेर पडा. पहिल्यांदा सुरू करताना लागणाऱ्या विंडोजच्या पूरक फाइल तेव्हाच बसतात. हे न करता थेट ऑफलाइन गेलात, तर दोष नसलेला गेमही नापास होईल. मग लाँचर पूर्ण बंद करा. खिडकीवरची फुली दाबून भागत नाही; घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘एक्झिट’ करा. आता वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. रीस्टार्ट गाळू नका, कारण काही गेम आणि लाँचर आधीच्या लॉगिनची खूण मेमरीत ठेवतात आणि तेवढ्यापुरते ऑफलाइन चालल्यासारखे दिसतात.

रीस्टार्टनंतर गेम सुरू करा, नवा खेळ चालू करा, दहा मिनिटं खेळा, सेव्ह करा, बाहेर पडा, पुन्हा सुरू करून तीच सेव्ह उघडा. शेवटच्या दोन पायऱ्या महत्त्वाच्या. काही गेम ऑफलाइन सुरू होतात, पण प्रगती किंवा मिळवलेली हत्यारं सर्व्हरवरच नोंदवतात. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ मध्ये मार्च २०२२ ला सर्व्हर दुरुस्ती लांबली तेव्हा तीस तासांहून अधिक काळ एकट्याने खेळणाऱ्यांनाही गेमचा मोठा भाग उघडता आला नव्हता. दहा मिनिटांच्या चाचणीत हे आधीच कळतं.

सेव्ह उघडली तर गेम पास. सुरू झाला पण सेव्ह झाला नाही, तर परत करा. सुरूच झाला नाही, तर परत करण्याआधी एक गोष्ट पाहा: लाँचर ऑफलाइन मोडमध्ये नीट गेला होता का? स्टीमबाबत बहुतेक अपयशांचं मूळ इथेच असतं. लॉगिन करताना ‘रिमेंबर मी’वर खूण हवी. गेमचा एकही अपडेट अर्धवट राहिलेला नको. अपडेट बाकी असेल तर स्टीम ऑफलाइन असताना तो गेम उघडू देत नाही. आणि इंटरनेट तोडण्यापूर्वी स्टीमच्या मेन्यूतून स्वतःहून ‘गो ऑफलाइन’ करावं. लाइन अचानक गेल्यावर स्टीम आपोआप ऑफलाइन होईल यावर विसंबू नका.

पास झालेल्या गेमची आणखी एक परीक्षा घेता येते. स्टीम पूर्ण बंद ठेवून ‘स्टीमॲप्स’ फोल्डरमधल्या ‘कॉमन’मध्ये जा आणि गेमच्या मूळ फाइलवर डबल क्लिक करा. स्टीम आपोआप उघडलं तर गेम त्याच्यावर अवलंबून आहे. गेम थेट सुरू झाला तर त्यावर कुठलंच कुलूप नाही, आणि तो फोल्डर नुसता कॉपी करून ठेवला तरी पुरतो. ‘बाल्डर्स गेट ३’ची स्टीमवरची प्रत अशी थेट चालते. पीसी गेमिंग विकी या संकेतस्थळावर जवळजवळ प्रत्येक गेमच्या कुलपाची माहिती असते. आधी तिथे पाहिलंत तर वेळ वाचेल.

साठवण: काय, कशावर, किती

जीओजीवर लायब्ररीतल्या गेमवर क्लिक केलं की ‘ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स’ असा भाग दिसतो. तिथून एक छोटी सेटअप फाइल आणि मोठ्या गेमसाठी ‘बिन’ नावाच्या अनेक फाइल उतरतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, मूळ नावांनीच ठेवा. एक जरी राहिली किंवा ब्राउझरने नावापुढे ‘(१)’ जोडलं, तर इन्स्टॉलर मध्येच थांबतो आणि फाइल खराब आहे म्हणतो. प्रत्यक्षात ती खराब नसते, त्याला सापडत नसते. विस्तार-भाग, म्हणजे डीएलसी, वेगळे उतरवावे लागतात. सर्वांत जास्त चुका इथे होतात. दोन वर्षांनी मूळ गेम बसवला जातो, आणि डीएलसीत केलेली सेव्ह उघडत नाही, कारण तिला हवा असलेला भागच नाही.

हे इन्स्टॉलर स्वतःहून अपडेट होत नाहीत. नवा गेम घेतल्या घेतल्या त्याची साठवण करू नका. पहिल्या काही महिन्यांत दुरुस्त्यांचा ओघ असतो. तो आटला की शेवटची आवृत्ती उतरवा. आधीची आवृत्ती लगेच पुसू नका. कधी कधी अपडेटच गेम बिघडवतो किंवा त्यातून काही काढून घेतो. ‘जीटीए ४’मधल्या कितीतरी गाण्यांचे परवाने दहा वर्षांनी संपले आणि एप्रिल २०१८ च्या अपडेटने ती रेडिओवरून गायब झाली. एप्रिल २०२४ मध्ये ‘फॉलआउट ४’ला मोठा अपडेट आला आणि वर्षानुवर्षं चालत आलेले मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः बनवलेले बदल, बंद पडले. स्टीमवर असा गेम असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘सुरू करतानाच अपडेट कर’ हा पर्याय निवडा आणि तो ऑफलाइन मोडमध्येच उघडा, म्हणजे अपडेट तुमच्या हातात राहील.

आकाराचा अंदाज आधी घ्या. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते, ‘सायबरपंक २०७७’ला ७० जीबी, ‘विचर ३’ला ५० जीबी, ‘हॉलो नाइट’ला ९ जीबी आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ला अवघी अर्धा जीबी. दोन-चार अवाढव्य, दहाएक मध्यम आणि तीसेक छोटे गेम २ टीबीच्या ड्राइव्हमध्ये आरामात मावतात; विंडोज त्याच ड्राइव्हवर १.८१ टीबी दाखवेल, ते बरोबर आहे. घरी ब्रॉडबँड नसेल आणि मोबाइलवर रोज २ जीबी मिळत असेल, तर १५० जीबीचा गेम पुन्हा उतरवायला ७५ दिवसांचा पूर्ण डेटा जाईल. गावाकडे राहणाऱ्यांसाठी एक बाहेरचा ड्राइव्ह एवढ्या एका हिशेबावरच वसूल होतो.

ड्राइव्ह कोणता? वर्षभर कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क घ्या, एसएसडी नको. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी ठरलेलं मानक असं: आयुष्यभराचं लिखाण वापरून झालेल्या ड्राइव्हने ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नवा ड्राइव्ह त्याहून बराच जास्त टिकतो, पण उन्हाळ्यात विदर्भातल्या बंद खोलीचं तापमान ३० अंशांवर थांबत नाही, हे लक्षात घ्या. रोज खेळायला एसएसडी, जपून ठेवायला हार्ड डिस्क.

ड्राइव्ह फक्त विंडोजला जोडणार असाल तर एनटीएफएस फॉरमॅट करा. लिनक्स किंवा मॅकलाही जोडायचा असेल तर एक्सफॅट चालेल, पण लिहिणं चालू असताना केबल ओढली तर एक्सफॅटमध्ये नुकसान मोठं होतं. फॅट३२ नको. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि इन्स्टॉल केलेल्या गेमच्या फोल्डरमध्ये अशा फाइल हमखास असतात.

कॉपी झाली म्हणजे काम झालं, असं नाही. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर बसवा, इन्स्टॉलरच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून एसएचए-२५६ ची बेरीज-फाइल, म्हणजे प्रत्येक फाइलच्या ओळखखुणेची (चेकसम) नोंद, तयार करा आणि तिथेच ठेवा. वर्षातून एकदा ड्राइव्ह जोडून त्या फाइलवरून तपासणी चालवा. एकही बिट बदलला असेल तर कोणत्या फाइलमध्ये ते कळतं, आणि मूळ दुकान चालू असेपर्यंत ती पुन्हा उतरवता येते. या निमित्ताने तबकडी फिरते, तेही तिच्या तब्येतीला चांगलं. लाडक्या गेमच्या तीन प्रती असाव्यात: एक कॉम्प्युटरवर, एक घरातल्या ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरात, भावाकडे किंवा आईवडिलांकडे.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतला दमटपणा ड्राइव्हच्या जोडण्यांवर गंज आणतो आणि जुन्या सीडी-डीव्हीडीवर बुरशीची जाळी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. रंग बदलणारं जेल मिळालं तर उत्तम; रंग पालटला की मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये कोरडं करून पुन्हा वापरता येतं. बुरशी आलेली सीडी-डीव्हीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसल्यावर पडलेला ओरखडा माहितीच्या मार्गाला समांतर जातो आणि डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हला तो ओलांडता येत नाही.

सेव्ह फाइल: गेमपेक्षा मौल्यवान

गेम पुन्हा मिळेल. त्यात घातलेले शंभर तास मिळणार नाहीत.

क्लाउड सेव्ह आहे म्हणून लोक निश्चिंत असतात. पण स्टीम क्लाउड ही सुरक्षित प्रत नव्हे, दोन ठिकाणं सारखी ठेवण्याची सोय आहे. घरच्या कॉम्प्युटरवर सेव्ह बिघडली तर बिघडलेलीच वर जाते आणि चांगलीवर बसते. म्हणून सेव्ह फोल्डरची तारखेसह वेगळी प्रत हवी.

अडचण ही की विंडोजवर सेव्ह एका जागी नसते. ‘स्कायरिम’ डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये ठेवतो. ‘विचर ३’चा फोल्डर डॉक्युमेंट्समध्येच, पण स्वतःच्या नावाने असतो. ‘सायबरपंक २०७७’ ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये जातो. बाकीचे बहुतेक ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि त्याचे तीन कप्पे आहेत: ‘रोमिंग’मध्ये ‘एल्डन रिंग’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘लोकल’मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’, ‘लोकललो’मध्ये ‘हॉलो नाइट’सारखे युनिटी इंजिनावरचे गेम. काही सेव्ह स्टीमच्या स्वतःच्या ‘युजरडेटा’ फोल्डरमध्येही सापडतात. हे सगळं हाताने शोधत बसायचं नसेल तर लुडुसावी हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरा. कॉम्प्युटरवरचे गेम ओळखून त्यांच्या सेव्ह ते एका फोल्डरमध्ये गोळा करतं. लिनक्स आणि स्टीम डेक या हातात धरायच्या कॉम्प्युटरवरही ते चालतं. तिथे सेव्ह ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाखाली खोल दडलेली असते.

‘एल्डन रिंग’सारख्या गेमची सेव्ह स्टीम खात्याच्या क्रमांकाशी बांधलेली असते. ती दुसऱ्याच्या खात्यावर नुसती कॉपी करून उघडणार नाही. प्रत घेताना क्रमांकाच्या नावाचा आख्खा फोल्डर घ्या.

विंडोज ११ नव्याने बसवताना डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हवर नेण्याचा पर्याय येतो, आणि पुष्कळ जण न वाचता होकार देतात. मग सेव्ह वनड्राइव्हच्या मोफत ५ जीबीत जाऊन पडतात. जागा भरली की वर जाणं थांबतं. शिवाय काही फाइल कॉम्प्युटरवर नावापुरत्या उरतात आणि प्रत्यक्ष क्लाउडवर असतात. ऑफलाइन गेम सुरू केला की ‘सेव्ह सापडली नाही’ दिसतं. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन डॉक्युमेंट्सचा बॅकअप बंद करा, किंवा निदान गेमच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा.

वीज जाते त्या भागात सेव्ह बिघडण्याचं मुख्य कारण वीजच. सेव्ह लिहिली जात असतानाच कॉम्प्युटर बंद पडला की फाइल अर्धवट राहते. एकाच जागी पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. किमान तीन जागा आलटून पालटून वापरा. यूपीएस घ्यायचा तर साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत भार घेतो आणि ग्राफिक कार्ड असलेला कॉम्प्युटर खेळताना ते सहज ओलांडतो. मग वीज गेल्याच्या क्षणी यूपीएसही मान टाकतो. १००० व्हीए किंवा वरचा घ्या. काम एवढंच की सेव्ह करून नीट बंद करायला पाच मिनिटं मिळावीत.

कन्सोलवर

डिस्क किंवा कार्ट्रिज हातात असलं तरी त्यात पूर्ण गेम असेलच असं नाही. निन्टेन्डो स्विच २ सोबत २०२५ मध्ये ‘गेम-की कार्ड’ आली. त्या कार्डात गेम नसतो. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि खेळताना कार्डही लावून ठेवावं लागतं. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला तशी सूचना छापलेली असते, ती पाहूनच घ्या. त्याच कन्सोलवर ‘सायबरपंक २०७७’ पूर्ण कार्ट्रिजवर आला आहे, तेव्हा तंत्र आडवं येतं असं म्हणता येत नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या डिस्क इंटरनेटशिवाय चालतात का, हे ‘डझ इट प्ले’ नावाचा स्वयंसेवकांचा गट एकेक डिस्क लावून तपासतो आणि निष्कर्ष खुले ठेवतो. जुनी डिस्क घेण्याआधी तिथे नाव शोधा.

डिजिटल गेम ऑफलाइन चालण्यासाठी कन्सोल आपल्या खात्याचा मुख्य कन्सोल म्हणून नोंदवलेला हवा. पीएस४ वर ‘प्रायमरी पीएस४’, पीएस५ वर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’, एक्सबॉक्सवर ‘होम एक्सबॉक्स’. हे इंटरनेट चालू असतानाच करता येतं, म्हणून आजच करा. एक्सबॉक्सवर हा कन्सोल वर्षातून पाचदाच बदलता येतो. मित्राच्या घरी जाऊन त्यातला एक बदल वाया घालवू नका. पीएस४ च्या आत घड्याळासाठी नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. तो संपल्यावर ऑफलाइन गेम न चालण्याचा गंभीर दोष होता. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० आवृत्तीने तो दूर केला. कपाटात जुना पीएस४ असेल तर त्याचं सॉफ्टवेअर किमान त्या आवृत्तीवर आणून ठेवा.

पीएस४ ची सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येते. पीएस५ च्या गेमची एकेकटी सेव्ह तशी घेता येत नाही; पैसे भरून क्लाउड घ्यावा लागतो. दुकानं मात्र थांबत नाहीत: निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू चं दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. ज्या कन्सोलचं दुकान अजून चालू आहे, तिथले घेतलेले पण न उतरवलेले गेम आधी उतरवा.

कशापासून सुरुवात करावी

लायब्ररीत दोनशे गेम असतील तर सगळे आज होणार नाहीत. पहिला नंबर लहान स्टुडिओंचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आणला, असे गेम मोठ्या कंपनीच्या मालिकेचा भाग नसतात, त्यांची नवी आवृत्ती दहा वर्षांनी कुणी काढेलच असं नाही. दुसरा नंबर परवान्यावरच्या गेमचा, म्हणजे ज्यात चित्रपटांची पात्रं, खऱ्या गाड्या किंवा गाजलेली गाणी आहेत. परवाना संपला की ते दुकानातून उतरवले जातात. ‘ॲलन वेक’ गाण्यांच्या परवान्यापायी मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ विक्रीत नव्हता. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये मोजून सांगितलं की २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. मोठ्या नावांचे नवे गेम शेवटी घ्या. ते इतक्यात कुठे जात नाहीत.

२००० च्या दशकातल्या कॉम्प्युटर-डिस्क जपल्या असतील तर त्यांची वेगळी गोष्ट. सेफडिस्क आणि काही सेक्युरॉमची कुलपं विंडोज १० पासून चालत नाहीत, कारण मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी त्यांचे ड्रायव्हरच नाकारले. डिस्क चकचकीत असली तरी गेम सुरू होणार नाही. त्याच गेमची जीओजीवरची आवृत्ती पुन्हा घेणं हा बहुतेक वेळा कमी डोकेदुखीचा मार्ग आहे.

एखाद्या गेमचे सर्व्हर बंद होणार अशी घोषणा झाली, तर त्याच आठवड्यात तीन कामं करा: शेवटचा अपडेट उतरवा, डीएलसी उतरवा, आणि कंपनी ऑफलाइन मोड देणार आहे का ते वाचा. ‘रेडफॉल’ला मे २०२४ च्या शेवटच्या अपडेटमध्ये तो मिळाला, ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’लाही सर्व्हर बंद होताना मिळाला, म्हणजे कंपनीची इच्छा असेल तर हे जमतं. ‘द क्रू’नंतर रॉस स्कॉट यांनी सुरू केलेली ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम नेमकं हेच मागते: सर्व्हर कायम चालवू नका, पण जाताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या त्यांच्या अर्जाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. भारतातून त्या अर्जावर सही करता येत नव्हती. पण परतावा मागताना कारणाच्या रकान्यात ‘ऑफलाइन चालत नाही’ असं लिहिता येतं, आणि ते प्रत्येक वेळी लिहावं.

ड्राइव्हच्या डब्यात एक कागद ठेवा. प्रत्येक गेमपुढे आवृत्ती, उतरवल्याची तारीख, कोणते डीएलसी आहेत, सेव्ह कुठे असते, आणि ऑफलाइन चाचणी कोणत्या विंडोजवर पास झाली, एवढं लिहा. पेन्सिलीने लिहा, जेल पेनची शाई दोन पावसाळ्यांत पसरते.